सण त्यांचा, पान आपलंही

दुसऱ्या धर्माच्या घरचं सणाचं बोलावणं आलं की दोन प्रश्न पडतात. काय न्यायचं, आणि कुठवर सामील व्हायचं? पहिल्याचं उत्तर कुणीही देतं. दुसऱ्याचं मात्र विचारायलाच संकोच वाटतो. म्हणून ज्यांच्या घरी किंवा प्रार्थनास्थळी दर वर्षी पाहुणे येतात, त्यांनाच इथे लिहायची विनंती केली आहे. अट एकच: "मी गेलो, फार छान वाटलं" इथे नको. किती वाजता काय होतं, पाहुण्यानं काय करायचं, कशानं घोटाळा होतो आणि का, एवढंच लिहा.

इफ्तार

सुरुवात वेळेपासून करतो, कारण पाहुणे चुकतात ते इथेच. इतर जेवणाला दहा मिनिटं उशीर झाला तर कुणी मनावर घेत नाही. इफ्तारला मात्र नेमक्या त्या मिनिटाला दारावरची घंटा वाजली, तर दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस हातातला खजूर खाली ठेवून दार उघडायला उठतो. सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी पोचा. तेवढ्या वेळात बसायची जागा ठरते, हात धुऊन होतात आणि शेवटची पाच मिनिटं सगळे शांत बसतात, त्यात तुम्हीही बसता. वेळ रोज थोडी थोडी सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्यात ऐकलेली वेळ धरून निघू नका.

क्रम असा. अजान झाली की खजूर (विषम संख्येत खायची रीत आहे, म्हणजे एक किंवा तीन), मग पाणी, थोडी फळं, काही हलकंसं. लगेच मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, ती साधारण सात ते दहा मिनिटं चालते. खरं जेवण त्यानंतर. नवखा पाहुणा पहिल्या फेरीतच पोट भरून घेतो आणि मुख्य जेवण आलं की अवघडून बसतो. पहिल्या फेरीला चार घास, बस्स.

घरचे नमाजला उभे राहिले की तुम्ही जागेवरच बसा. ताटं आवरायला उठू नका आणि नमाज पढणाऱ्याच्या समोरून जाऊ नका. जायचंच असेल तर मागून वळसा घालून जा. हलक्या आवाजात बोललेलं चालतं.

पाहुण्यानं रोजा धरावा अशी अपेक्षा नसते. धरलात तर यजमानाला बरं वाटेल, नाही धरलात तर कुणी हिशेब मांडत नाही. घरातल्या बाईला मात्र "आज तुमचा रोजा आहे ना?" असं कधीही विचारू नका. पाळी, गरोदरपण, अंगावर पाजणं, आजारपण, प्रवास यांत सूट असते, त्यामुळे या साध्या प्रश्नाचं उत्तर चारचौघांत देण्याजोगं नसू शकतं.

नेण्यासाठी खजूर आणि फळं सगळ्यांत सुरक्षित. मिठाई चालते, पण जिलेटिन असलेल्या जेलीच्या गोळ्या आणि आत मद्य भरलेली चॉकलेटं नकोत. मांसाचा पदार्थ घरून करून नेऊ नका. कोंबडीसुद्धा नको, कारण प्रश्न कोणत्या प्राण्याचा नसून कापण्याच्या पद्धतीचा आहे.

बोलावणं कधीचं घ्यावं? निवड तुमच्याकडे असेल तर पहिल्या वीस दिवसांतलं. रमजानचा महिना २९ किंवा ३० दिवसांचा. शेवटच्या दहांत काही जण एतिकाफला, म्हणजे उपासनेसाठी मशिदीतच मुक्कामाला, बसतात, २१, २३, २५, २७ आणि २९ या विषम रात्री जागून इबादत होते, आणि घरही थकलेलं असतं. निघायचं कधी, हे मात्र यजमान कधीच सांगणार नाही. मगरिबनंतर सुमारे सव्वा ते दीड तासानं इशा (रात्रीची नमाज) आणि त्यामागून तरावीह (रमजानमधली जादा नमाज). तरावीह कुठे आठ रकात (नमाजची आवर्तनं), कुठे वीस. घड्याळ बघून त्याआधी स्वतःहून उठा. "बसा हो" म्हणतील. तरी उठा.

शेवटचं, संकोच करणाऱ्यांसाठी. रोजेदाराला इफ्तार करवणाऱ्याला रोज्याएवढंच पुण्य मिळतं अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे, त्यामुळे रमजानमध्ये दुसऱ्याला जेवू घालायची ओढ घराघरांत असते. तुम्हाला बोलावणं हा त्याच सवयीचा भाग. "उगाच तुम्हाला त्रास" असं तीनदा म्हणू नका.

सेदर, म्हणजे पेसाखची पहिली रात्र

पेसाख हा मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटल्याच्या आठवणीचा सण, आणि सेदरला त्याचीच गोष्ट सांगतात. ज्यू सणांपैकी पाहुण्याला सगळ्यांत जास्त बोलावलं जातं ते सेदरला, आणि सगळ्यांत जास्त गोंधळही तिथेच. हे फक्त जेवण नाही. सेदर या शब्दाचा अर्थच "क्रम" असा आहे. पंधरा पायऱ्या आहेत आणि जेवण अकरावी पायरी आहे. हे एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं. अंधार पडल्यावर सुरुवात होते, आणि जेवण यायला एक तास लागू शकतो, बोलक्या घरात दोनही. त्याआधी मिळतं काय, तर मिठाच्या पाण्यात बुडवलेली अजमोद्याची काडी किंवा बटाट्याचा तुकडा, वाइनचे दोन पेले, मात्झाचा (न फुगवलेल्या पातळ रोटीचा) कोरडा तुकडा आणि कडू भाजी. उपाशी पोटी दोन पेले, यात काय होतं ते सांगायला नको. घरून निघताना काहीतरी खा. पेला अर्धाच भरून घ्या किंवा द्राक्षाचा रस मागा. रसानंही विधी पूर्ण होतो, त्यात कमीपणा नाही.

पेले एकूण चार. पहिला सुरुवातीच्या आशीर्वादाचा, दुसरा गोष्ट सांगून झाल्यावर, तिसरा जेवणानंतरच्या प्रार्थनेनंतर, चौथा स्तोत्रं म्हणून झाल्यावर. पेल्यासमोर बसून घोट-घोट घेत राहू नका, चौघांची वेळ ठरलेली आहे. टेबलावर एक जास्तीचा भरलेला पेला दिसेल. तो एलियाहू संदेष्ट्याचा, तो कुणी पीत नाही. पाहुण्यासाठी ठेवलाय असं समजून उचलला जातो, आणि मग सगळे हसतात.

हातात हागादा नावाची पुस्तिका मिळेल. वाचन टेबलाभोवती फिरतं आणि तुमच्याकडेही येऊ शकतं. भाषांतर असतं, ते बिनधास्त वाचा. वाचायचं नसेल तर "पुढे जाऊ द्या" म्हटलेलं चालतं. दहा संकटांची यादी येते तेव्हा प्रत्येक संकटाला पेल्यातला एक थेंब बोटानं ताटलीत काढतात. थेंब दहा. मिसरी लोकांवर संकट आलं म्हणून आपल्या आनंदाचा पेला तेवढा कमी करायचा, असा अर्थ सांगतात. ते बोट चाटायचं नाही. लहान मुलं चाटतात, मोठे दटावतात.

हात दोनदा धुतले जातात. पहिल्या वेळी आशीर्वाद नाही. दुसऱ्या वेळी असतो, आणि त्यानंतर मात्झाचा घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही. टेबल एकदम गप्प झालं की काही बिनसलं असं वाटून पाहुणा नेमका तेव्हाच हवापाण्याच्या गप्पा काढतो. अर्धा मिनिट थांबा.

कडू भाजी म्हणून कुठे सॅलडची पानं देतात, कुठे हॉर्सरॅडिश नावाचा मुळा किसून. मोहरीचा झटका नाकात कसा जातो ते आठवा आणि त्याच्या दुप्पट धरा. बोटाच्या पेराएवढा पुरे. सोबत खारोसेत असतं, सफरचंद किंवा खजूर, सुकामेवा आणि वाइन यांची चटणीसारखी गोड भरड, ते त्याला लावून घ्या. गुलामांनी रचलेल्या विटांचा गारा म्हणजे ते.

मात्झा तीन, एकावर एक झाकलेल्या. मधली मोडतात आणि तिचा मोठा तुकडा लपवतात. जेवणानंतर मुलं शोधून आणतात, सगळ्यांना त्याचा लहानसा तुकडा मिळतो, आणि त्यानंतर रात्री काही खायचं नाही. म्हणजे गोडाचा पदार्थ आला की लगेच खा. "नंतर घेते" म्हणालात तर नंतर नाही.

आता काय न्यायचं, कारण खरी पंचाईत इथे होते. या दिवसांत घरात खामेत्झ नसतं. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं काहीही, पाणी लागून फुगण्याची संधी मिळालेलं. यीस्ट घातलं नाही म्हणून केक चालेल, असं नाही. मात्झा गव्हाचीच असते, पण पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून निघालेली. त्यामुळे ब्रेड, बिस्किट, केक, बिअर, व्हिस्की काहीही नको, आणि पर्समध्ये मुलासाठी ठेवलेला बिस्किटाचा पुडा उंबऱ्याबाहेरच ठेवा. आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घरभर कणन् कण शोधलेला असतो. घरी केलेला पदार्थही नको, भांड्यांचा प्रश्न येतो. विकतचा घ्यायचा तर "पेसाखसाठी कोशर" (कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं) असा शिक्का बघा, नुसता कोशरचा पुरत नाही. आणि मांसासोबत दूध चालत नाही, म्हणून जेवण मांसाहारी असेल तर दुधाचं चॉकलेट त्या रात्री कुणी खाऊ शकत नाही, डबा तसाच कपाटात जातो. अख्खी फळं किंवा फुलं न्या. फुलं दुपारीच पोचवा, कारण सण लागल्यावर फुलदाणीत पाणी भरून ती रचणं काटेकोर घरात टाळतात.

तांदूळ आणि डाळी? अश्केनाझी (मूळ मध्य आणि पूर्व युरोपातल्या) घरांत सहसा नाही, सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या) घरांत बहुतेक ठिकाणी हो. दोघंही आपापल्या जागी बरोबर, टेबलावर वाद घालू नका.

पाहुण्यानं यातलं सगळं खावं का? हो. जेरुसलेमच्या मंदिराच्या काळात पेसाखच्या बळीचं मांस फक्त आतल्यांसाठी होतं, निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात ते स्पष्ट लिहिलंय. इसवी सन ७० मध्ये मंदिर पडलं, बळी थांबला. आज ताटात ठेवतात ते हाड फक्त आठवणीचं, ते कुणीच खात नाही. उरलं ते तुमचंही. गोष्ट सुरू होताना अरामी भाषेत म्हणतातच, ज्याला भूक आहे त्यानं यावं आणि खावं.

वरच्याला जोड, काटेकोर घरांसाठी

वर लिहिलंय ते बरोबर, पण ते सर्वसाधारण घराचं झालं. ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ ज्यू घरी जाणार असाल तर चार गोष्टी अजून.

बाथरूमचा दिवा बंद करू नका. विनोद नाही. सणाच्या दिवशी विजेचं बटण दाबत नाहीत, दिवे आधीच लावून ठेवलेले असतात. पाहुणा सवयीनं बाहेर येताना बटण दाबतो आणि घरातली दहा माणसं सण संपेपर्यंत अंधारात चाचपडतात. इस्रायलबाहेर ते दोन दिवस. तुम्हाला "लावा परत" असं सरळ सांगताही येत नाही त्यांना.

वाइनची बाटली तुम्ही उचलून ओतू नका. उकळून घेतलेली, म्हणजे मेवुशाल वाइन असेल तर प्रश्न नाही. नसेल तर परधर्मीयानं ओतल्यावर ती त्यांना पिता येत नाही. चांगला यजमान मेवुशालच आणतो आणि तुम्हाला काही कळूही देत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. पेला पुढे करा, ओतू द्या.

फोन खिशात, आवाज बंद. फोटो नाही.

आणि एक गैरसमज. अशा घरानं सेदरला न बोलावता एखाद्या शुक्रवारी रात्री शब्बाथच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) जेवणाला बोलावलं, तर ते टाळणं नव्हे. सणाच्या दिवशी स्वयंपाकाला परवानगी असते, पण ती सण पाळणाऱ्यांपुरती. पाहुण्यासाठी ऐन वेळी जास्तीचं शिजवलं जाईल या शंकेनं काही घरं सणाला परधर्मीयांना बोलावत नाहीत. शब्बाथला सगळं आधीच शिजलेलं असतं, तिथे ही शंकाच येत नाही. शुक्रवारचं बोलावणं आनंदानं घ्या.

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा

मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि ही कॅथलिक चर्चपुरती माहिती. मध्यरात्रीची म्हणतात, पण बऱ्याच ठिकाणी ती आता दहा-अकरालाही असते, वेळ विचारून घ्या. अर्धा-पाऊण तास आधी जा. वर्षभर न फिरकणारेही त्या रात्री येतात आणि जागा मिळत नाही. मिस्सा साधारण सव्वा ते दीड तास.

उठणं, बसणं, गुडघे टेकणं चालू राहतं. उभं राहायच्या वेळी उभे राहा, एवढं पुरे. गुडघे टेकणं पाहुण्याला बंधनकारक नाही, पण मागच्या बाकावरचा माणूस पुढे वाकून गुडघे टेकतो, तेव्हा त्याच्या तोंडासमोर तुमची पाठ येते. थोडं पुढे सरकून बसा. गुडघ्यांची फळी खाली पाडताना हातानं धरून पाडा, शांततेत तिचा आवाज बंदुकीसारखा होतो. क्रीड, म्हणजे श्रद्धेचा जाहीरनामा, म्हणायची गरज नाही. कॅरोल गायला कुणाचीच हरकत नसते. दानाची थैली फिरते तेव्हा पुढे सरकवलीत तरी चालतं. शांतीची खूण म्हणून शेजारी हात पुढे करेल, तेव्हा हात मिळवा किंवा नमस्कार करा, दोन्ही चालतं.

कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर घेणं, मात्र नाही. सगळं मोकळं, ही एक गोष्ट सोडून. ती भाकर घेणं म्हणजे "या श्रद्धेत मी आहे" असं सांगणं, म्हणून ती तिथे कॅथलिकांपुरती. रांग पुढे सरकू लागली की तुम्ही बाकावर बसून राहू शकता. बाकाच्या कडेला असाल तर उठून बाहेर या, बाकीच्यांना जाऊ द्या, परत बसा. तुम्हाला ओलांडून जाण्यात सगळ्यांचीच कुचंबणा होते. काही ठिकाणी छातीवर हात आडवे करून रांगेतून गेलं तर पाद्री फक्त आशीर्वाद देतो. ही पद्धत सगळीकडे नाही, बरोबरच्या माणसाला आधी विचारा. चुकून हातात दिलीच गेली तर खिशात घालू नका, हीच सगळ्यांत वाईट चूक. तिथेच थांबून हलक्या आवाजात "मी कॅथलिक नाही" म्हणा आणि परत द्या.

प्रोटेस्टंट चर्चमध्ये नियम वेगवेगळे. बऱ्याच ठिकाणी बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही आमंत्रण असतं, काही ठिकाणी सगळ्यांनाच, आणि पाळक ते आधी मोठ्यानं सांगतो. ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती) चर्चमध्ये कम्युनियन बाहेरच्याला नाही, पण शेवटी अँटिडोरॉन नावाचे आशीर्वादित पावाचे तुकडे वाटतात, ते बऱ्याच ठिकाणी पाहुण्यालाही देतात. कणी जमिनीवर पडू देऊ नका. त्यांचा नाताळ कधी, तेही विचारा. रशियन, सर्बियन, जॉर्जियन आणि कॉप्टिक चर्च ७ जानेवारीला साजरा करतात, कारण जुलियन पंचांग सध्या १३ दिवस मागे आहे. ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेननं २०२३ पासून २५ डिसेंबर धरला. आर्मेनियन ६ जानेवारीला.

हातात मेणबत्ती दिली असेल आणि ज्योत शेजाऱ्याकडून घ्यायची असेल, तर पेटलेली सरळ ठेवायची आणि न पेटलेली तिच्याकडे कलवायची. उलटं केलंत तर वितळलेलं मेण शेजाऱ्याच्या हातावर.

इफ्तारच्या वेळेबद्दल एक दुरुस्ती

वर "सूर्यास्त" लिहिलंय ते सुन्नी घरांसाठी. शिया घरांत पूर्वेच्या आकाशातली लाली ओसरल्यावर रोजा सोडतात, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांनी. फोनवर अजान वाजली म्हणून पाहुण्यानं खजूर तोंडात टाकला आणि घर अजून थांबलेलं, असं होतं. फोनकडे नको, यजमानाच्या हाताकडे बघा.

ईदचंही सांगून टाकते. तारीख चंद्रावर, त्यामुळे एक दिवस मागेपुढे. सुट्टी आणि तिकीट त्या हिशेबानं काढा, आणि आदल्या रात्री फोन करूनच निघा. सकाळी नमाज, मग भेटीगाठी. दर घरी काहीतरी खावंच लागतं, पहिल्याच घरी पोट भरू नका. बकरी ईदला शाकाहारी पाहुण्यानं दोन दिवस आधी सांगावं. त्या दिवशी स्वयंपाकघरात सगळी भांडी मांसाची असतात, आणि ऐन वेळचं "मी खात नाही" यजमानाला फार लागतं.

गुरुपरब

गुरुपरब म्हणजे शीख गुरूंच्या स्मरणाचा सण. गुरुद्वाऱ्यात बाहेरचा असा वेगळा रकानाच नाही, त्यामुळे थोडक्यात. डोकं झाकायचं, बायका-पुरुष दोघांनी. रुमाल दारात मिळतो, टोपी टाळा. बूट काढायचे, हात धुवायचे. सिगारेट, तंबाखू, दारू खिशातही नको. गाडीत ठेवून या.

आत गुरू ग्रंथसाहिबांसमोर माथा टेकणं ऐच्छिक. न टेकता हात जोडून बाजूला बसलात तरी चालतं. पाठ फिरवू नका आणि पाय त्या दिशेला पसरू नका. मांडी दुखत असेल तर भिंतीशी बसा. अरदास (सामूहिक प्रार्थना) सुरू झाली की सगळे उभे राहतात, तुम्हीही राहा. गुरुपरबाला बहुधा अखंड पाठ, म्हणजे ग्रंथसाहिबांचं न थांबता वाचन असतं, सलग सुमारे ४८ तासांचा, आणि समाप्तीच्या वेळी गर्दी सगळ्यांत जास्त. शांतपणे बघायचं असेल तर समाप्तीच्या आधल्या रात्री जा.

कडाह प्रसाद बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात, त्यामुळे मूठभर म्हणजे पोटाला बरंच होतं. "थोडा" म्हटलं की थोडाच देतात. घेतलेला टाकायचा नाही. गव्हाचं चालत नसेल तर हात जोडून नाही म्हणा, कुणी आग्रह करत नाही.

लंगर शाकाहारीच, कारण कुणालाही शेजारी बसून जेवता यावं. पंगतीत मोकळी जागा दिसेल तिथे बसा, ओळखीच्यांसाठी जागा धरून ठेवू नका. राजा असो की मजूर, एकाच ओळीत बसवायचं, हाच तर मुद्दा. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्या. वाढपी वरून सोडतो, ताटात ठेवत नाही. एकेक मागा, कितीदाही मिळते, पण टाकलेलं दिसलं की जुनी माणसं नाराज होतात. नंतर भांडी घासायला किंवा रोट्या लाटायला बसलात तर त्याहून चांगली भेट नाही. लाटायला मात्र आधी बघा. तिथल्या बायकांच्या वेगात तुमची जाड रोटी तव्यावर कच्ची राहते.

वैशाख पौर्णिमा

थेरवाद (श्रीलंका, म्यानमार, थायलंडकडची बौद्ध परंपरा) विहारात भिक्खूंना भोजनदान करायचं असेल तर सगळं घड्याळ मध्यान्हावर बेतलेलं असतं. सूर्य माथ्यावर आल्यानंतर भिक्खू जेवत नाहीत. म्हणजे अन्न अकराच्या आत समोर हवं, कारण आधी त्रिशरण-पंचशील, थोडं सूत्रपठण, मग जेवण. पाहुणे बाराला गरम डबे घेऊन पोचतात आणि डबे तसेच परत जातात, निदान भिक्खूंच्या पुढून.

दुसरी गोष्ट, भिक्खू स्वतः उचलून घेत नाही, दिलेलंच घेतो. म्हणून भांडं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या हाती द्यायचं. देणारी बाई असेल तर काही परंपरांत तो पुढे कापड पसरतो, त्यावर ठेवायचं. तो अपमान नाही, तिथल्या भिक्खूंची रीत आहे. एकदा दिलेल्या भांड्याला परत हात लावू नका, नाहीतर पुन्हा द्यावं लागतं. चमचा सरळ करायचा मोह होतो, तेवढाच आवरा.

पांढरे किंवा फिके कपडे घाला. खाली बसताना पाय बुद्धमूर्तीकडे नकोत. पंचशील पालीत म्हणतात. ते वचन आहे, नुसता श्लोक नाही. पाचवं शील मद्य न घेण्याचं, तेव्हा पाळायचं नसेल तर हात जोडून गप्प बसलेलं जास्त प्रामाणिक.

शुभेच्छा द्यायच्या नसतात असे दिवस

कॅलेंडरवर लाल रंग दिसला की शुभेच्छांचे संदेश धाडणाऱ्यांसाठी. गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा दिवस, "हॅप्पी" नव्हे. त्या दिवशी मिस्साही होत नाही, उपासना असते आणि वेदी उघडी, कापडाविना. आनंद रविवारी, ईस्टरला. मोहरमची दहावी तारीख, आशुरा, शियांसाठी करबलाच्या, म्हणजे इमाम हुसेन यांच्या हौतात्म्याच्या शोकाची. मजलिसला (शोकसभेला) बोलावलं तर गडद कपडे घालून जा, शांत बसा, छाती पिटण्यात सामील व्हायची अपेक्षा नसते, दिलेला तबर्रुक (शेवटी वाटतात तो खाऊ) घ्या. योम किप्पूर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, सुमारे २५ तासांचा उपास, त्यात पाणीही नाही. अत्तर आणि चामड्याचे बूट टाळा, आणि सिनगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) आवारात कॉफीचा पेला घेऊन उभे राहू नका.

आणि बोलावणाऱ्यांसाठी

इथपर्यंत सगळं पाहुण्यानं काय करावं याचं झालं. पण निम्म्या अवघडलेल्या प्रसंगांना यजमान जबाबदार असतो. आपल्याला सगळं पाठ असतं, त्यामुळे सांगायला हवं हेच सुचत नाही.

निरोपात तीन गोष्टी लिहा: किती वेळ चालेल, जेवण नेमकं कधी, कपडे कसे. आणि जिथे पाहुण्यानं थांबायचं आहे ती जागा आधीच सांगा, ऐन वेळी नको. "त्या वेळी आम्ही पुढे जाऊ, तुम्ही इथेच बसा" हे गाडीत सांगितलं तर ती माहिती असते. तेच रांगेत, सगळ्यांदेखत सांगितलं तर तो नकार होतो.

पूजेच्या घरांत हे जास्तच लागू, कारण आपण सगळ्यांना सगळं देतो आणि त्यालाच मोकळेपणा समजतो. आरतीचं ताट पाहुण्याच्या थेट तोंडापुढे नेऊ नका. हातभर अंतरावर धरा, त्याला हवं असेल तर तो हात पुढे करेल. गंध लावण्याआधी विचारा. आणि प्रसाद. बरेच मुसलमान आणि ज्यू, आणि काही ख्रिस्ती, देवाला दाखवलेलं अन्न खात नाहीत. तुमच्या घराबद्दल त्यांचं काही म्हणणं नसतं, तो त्यांच्या धर्माचा नियम आहे. हातावर ठेवल्यावर त्यांना तो टाकताही येत नाही आणि खाताही येत नाही. मग कागदात गुंडाळून खिशात जातो आणि दोघांनाही वाईट वाटतं.

उपाय सोपा. नैवेद्य दाखवण्याआधी, पातेल्यातूनच, पाहुण्यांपुरतं वेगळ्या भांड्यात काढून झाकून ठेवा. नैवेद्याचं ताट नंतर पातेल्यात परत मिसळायची पद्धत असेल तर हे आधीच करावं लागतं, मागाहून उपयोग नाही. वाढताना सरळ सांगा: "हे नैवेद्याचं, हे नाही, तुम्हाला हवं ते घ्या." काही जण नैवेद्याचंच मागून घेतील. लपवून खाऊ घालून "बघा, काही झालं का?" असं नंतर हसत सांगणारे महाभागही असतात, तो माणूस त्या घरी परत येत नाही. दोन भांड्यांना दोन वेगळे डाव ठेवा, आणि वाढायला बसणाऱ्या पोरांना कुठलं कुठलं ते आधीच सांगून ठेवा.